खर्जाचा वाटा

घरी येणारा प्रत्येक जण त्याला सेट-टॉप बॉक्स समजतो. काळा, तळहातावर मावेल एवढा, पुढे एक गोल बटण आणि एक निळा ठिपका. हा ॲम्प्लिफायर आहे असं सांगितलं की पाहुणे मान डोलावतात, मग त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या मांडीएवढ्या उंच लाकडी खोक्यांकडे बघतात आणि मनातल्या मनात काहीतरी हिशेब करतात. तो हिशेब जमत नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

बाबांची अडचण वेगळीच होती. हा घरात आला त्या दिवशी त्यांनी त्याच्यावर हात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला आणि म्हणाले, "हा गरमच होत नाही गं. चालू आहे ना?"

ती लाकडी खोकी बाबांनी केलेली. गिरगावातल्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो तेव्हाची. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड चालत जाण्याच्या अंतरावर असणं हे आमच्या घराचं भाग्य होतं, आणि आईच्या मते दुर्दैव. शनिवारी संध्याकाळी बाबा तिथून कागदाच्या पुडीत काहीतरी घेऊन यायचे आणि रविवारी दुपारी घरभर सोल्डरिंगचा तो राळेसारखा वास पसरायचा. त्यांनी जोडलेला ॲम्प्लिफायर पत्र्याच्या पेटीत होता. आत उचलताना दमछाक करणारा ट्रान्सफॉर्मर, मागे दातेरी काळे हीटसिंक आणि त्यांवर स्क्रूने घट्ट बसवलेले '२एन३०५५' जातीचे ट्रान्झिस्टर. तो तासाभरात चांगलाच तापायचा. पावसाळ्यात काडेपेट्या सर्दावल्या की आई त्या गुपचूप त्या पेटीवर नेऊन ठेवायची. गाण्याशी तिचा आलेला हा सगळ्यात जवळचा तांत्रिक संबंध.

त्या तापण्याला कारण होतं. जुन्या धाटणीचा ट्रान्झिस्टर गाण्याच्या लाटेबरहुकूम कमी-अधिक उघडतो. अर्धवट उघडा असताना त्याच्यावर व्होल्टचा दाबही असतो आणि त्याच्यातून प्रवाहही वाहतो. त्या दोहोंचा गुणाकार उष्णता होऊन बाहेर पडतो. अगदी मोठ्या आवाजात निम्म्याहून थोडी जास्त वीज गाण्यात जायची. हळू आवाजात बहुतेक सगळीच काडेपेट्या सुकवण्यात. नव्या जातीतला ट्रान्झिस्टर अर्धवट असं काही करतच नाही. पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद, आणि हे सेकंदाला काही लाख वेळा. किती क्षण उघडा आणि किती क्षण बंद, एवढ्या प्रमाणात सगळं गाणं साठवलेलं असतं. शेवटी एक कॉइल आणि एक कपॅसिटर मिळून ती चिरफाड गाळून टाकतात आणि स्पीकरच्या तारेत पुन्हा सलग लाट उतरते. नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज कामी लागते. तापायला उरतंच काय?

मी हे समजावलं तेव्हा बाबांनी अभियंत्यासारखं नाही, शिंप्यासारखं विचारलं, "म्हणजे कापून परत शिवतो. आणि शिवण दिसत नाही?"

"दिसायचं काय, ऐकू येते का बघा."

ते हसले. कारण त्यांचं ऐकणं आता श्रवणयंत्रातून. मग मी त्यांना सांगितलं की तुमच्या कानामागे जे बसलंय त्याच्यातही बहुधा याच जातीचा ॲम्प्लिफायर आहे, म्हणून तर ते एवढ्याशा बटण-सेलवर दिवसचे दिवस चालतं. ज्या वस्तूवर ते अविश्वास दाखवत होते तिच्यातूनच माझं बोलणं त्यांना ऐकू येत होतं. यावर त्यांनी काही उत्तर दिलं नाही, पण ॲम्प्लिफायरवरचा हात काढून घेतला.

विकत घेताना मला दुकानात सांगितलं होतं, "तीनशे वॉट, मॅडम." वेष्टनावरही तेच छापलेलं. सोबत दिलेल्या अडॉप्टरवर मात्र बारीक अक्षरांत २४ व्होल्ट, ५ अँपिअर. गुणाकार १२०. भिंतीतून १२० वॉट घेऊन जो ३०० वॉट बाहेर काढील त्याने दुकान बंद करून महानिर्मितीला सल्ला द्यायला जावं. चोवीस व्होल्टांवर आठ ओहमच्या स्पीकरला मिळून मिळून ३६ वॉट मिळतात, चार ओहमच्या स्पीकरला कागदावर त्याच्या दुप्पट. आणि गंमत म्हणजे तेवढेही लागत नाहीत. बाबांच्या खोक्यांएवढ्या स्पीकरला एक वॉट दिला तर समोर एक मीटरवर ८६ ते ८८ डेसिबल आवाज होतो. आमचा सोफा आठ फुटांवर. तिथे बसून मन भरेल एवढं गाणं एका वॉटच्या आतबाहेर होतं. एखादी जोरकस थाप किंवा तिहाईचा शेवटचा 'धा' तेवढा क्षणभर दहापट मागतो आणि लगेच परत करतो. आवाज दुप्पट झाला असं कानाला वाटायला वॉटही साधारण दहापट लागतात. म्हणजे ३६ आणि ३०० यांतला फरक दुकानात जेवढा मोठा दिसतो तेवढा हॉलमध्ये ऐकू येत नाही. एक वॉट. आयुष्यभर बाबा मोठ्यातला मोठा ट्रान्सफॉर्मर शोधत राहिले, आणि गाणं बहुतेक वेळ पहिल्या वॉटमध्येच बसून होतं.

स्पीकरच्या वूफरची कड फोमची होती. मुंबईच्या हवेत फोम टिकत नाही. बोट लावलं तर पीठ होऊन गळालं. लॅमिंग्टन रोडला रीकोनिंग करणारे अजून आहेत. त्यांनी रबराची कड लावून दिली, जुना कोन तसाच राहू दिला. एवढ्यावर भागलं असतं. काही आठवडे भागलंही.

मग एका सकाळी मुलीने विचारलं, "आई, आजोबांच्या स्पीकरवर तंबोरा वरून-वरूनच का वाजतो?"

काळी एकच्या षड्जाला जुळवलेल्या तंबोऱ्यात खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला कंपते. बाबांची बंद खोकी ऐंशीच्या खाली उतरणीला लागतात. म्हणजे त्या तारेचा पाया आमच्या हॉलमध्ये जेमतेम पोचत होता. पोचत होते ते त्याच्यावरचे मजले, दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर. पण मी हे कधी ऐकलंच नव्हतं. म्हणजे, नसणं ऐकलं नव्हतं. माझ्या कानाला खर्ज ऐकू येत होता.

हा कानाचा जुना परोपकार आहे. उपस्वर नीट ओळीने आले की त्यांच्या मुळाशी असलेला सूर हवेत नसला तरी मेंदू तो मांडून देतो. आमच्या लहानपणच्या ट्रान्झिस्टर रेडिओचा स्पीकर तीन इंची. दोनशे हर्ट्झच्या खाली त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. तरी त्यावर आम्ही पखवाज ऐकला, भारदस्त पुरुषी आवाज ऐकले, आणि ते आम्हाला कधी पातळ वाटले नाहीत. गाण्यातला खालचा सगळा भाग आम्ही आमच्या पदरचा घालत होतो. गिरगावातल्या त्या खोलीत, खाली वाहनांचा गोंगाट, शेजारी नळाची भांडी, आणि स्टूलवरच्या रेडिओत आकाशवाणीची संगीत सभा. बाबा डोळे मिटून बसायचे. त्यांना जे ऐकू येत होतं त्यातलं किती त्या खोलीत होतं आणि किती त्यांच्यात, हे आता कोण मोजणार?

मुलीला मात्र मोजता येत होतं. तिचे कान हेडफोनवर वाढलेले. तिला तंबोऱ्याच्या पोटातला घुमारा ठाऊक होता, म्हणून त्याची उणीवही ठाऊक होती. तेव्हा घरात सबवूफर आला.

हा तिसरा खोका गाण्यातला अगदी थोडा भाग घेतो. साधारण ऐंशी हर्ट्झच्या खालचं तेवढं त्याचं, वरचं सगळं दोन स्पीकरांचं. मागे तीन गोष्टी: किती उंचीपर्यंत गायचं त्याचं एक बटण, किती मोठ्याने गायचं त्याचं दुसरं, आणि शून्य की एकशेऐंशी एवढंच विचारणारी एक छोटी कळ. या शेवटच्या कळीला मी फारशी किंमत दिली नव्हती. पण स्पीकरचे कोन पुढे येत असताना सबवूफरचा कोन मागे जात असेल, तर नेमक्या सांध्यावर दोघं एकमेकांची हवा खाऊन टाकतात. दोन्ही चालू असूनही मधला सूर गायब. ही कळ ठरवायला माणसं दोन लागतात. मुलगी मागे बसून कळ हलवत होती, मी सोफ्यावर. "आता?" "नाही." "आता?" "आलं! थांब, नको हलवू." टीव्हीच्या अँटेनासाठी गच्चीवर चढलेल्या पिढीला हे संवाद पाठ आहेत, फक्त तेव्हा मुंग्या दिसायच्या, आता डग्गा बेपत्ता व्हायचा.

चाचणीला मी डग्गाच निवडला होता. तबल्याचं हे जोडपं जगातल्या चर्मवाद्यांत विचित्रच. एरवी ताणलेल्या चामड्याचे उपस्वर आडवेतिडवे पडतात, म्हणून बहुतेक नगाऱ्यांना नेमका सूर नसतो. शाईच्या थरामुळे ते उपस्वर सुरेल ओळीत कसे येतात हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये आणि पुढे १९३४ साली सविस्तर दाखवलं. पण ही शिस्त उजव्याची. डग्ग्याची शाई मध्याला सोडून एका बाजूला बसलेली, आणि त्याचं काम स्वराला चिकटून राहणं हे नव्हेच. मनगट दाबून, घासून तो खालून वर सरकतो, बोलतो. उजवा षड्जाला बांधलेला, डावा मोकळा. आणि सरकता सरकता तो ऐंशीची सीमा इकडून तिकडे ओलांडतो. म्हणजे एकाच घिश्श्याचं खालचं टोक सबवूफरने म्हणायचं आणि वरचं बाबांच्या खोक्यांनी, आणि ऐकणाऱ्याला मनगट एकच वाटलं पाहिजे. सांधा तपासायला याहून कडक परीक्षक मला तरी मिळाला नाही. नव्या उपकरणांच्या दुकानांत सबवूफर दाखवताना स्फोट लावतात. स्फोट कुठल्याही सबवूफरवर छानच वाटतो.

बटणं जमली, पण खोली जमेना. आमचा हॉल बारा फूट लांब. चोवीस फूट लांबीची लाट, म्हणजे साधारण ४७ हर्ट्झचा सूर, त्याच्यात बरोबर अर्धी मावते आणि दोन भिंतींमध्ये अडकून पडते. भिंतीशी उभं राहिलं तर तो सूर घुमतो, खोलीच्या मध्यात आलं की जवळजवळ नाहीसा होतो. मध्यावरच्या खुर्चीत बसणाऱ्याने कितीही वॉट विकत घ्यावेत. यावर जाणकारांचा एक उपाय आहे आणि तो करताना कुणी बघू नये असा आहे. सबवूफर सोफ्यावर, जिथे आपण बसतो तिथे ठेवायचा, खालचे सूर लावायचे आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरायचं. जिथे ते सूर सारखे आणि स्वच्छ ऐकू येतील, तिथे सबवूफर ठेवला की तेच सोफ्यावर ऐकू येतं. ऐकणारा आणि वाजणारा यांनी जागा बदलल्या तरी हवेला फरक पडत नाही.

मी रांगत होते तेव्हा आई स्वयंपाकघरातून आली.

"काय हरवलं गं?"

"खर्ज."

"सापडला का?"

सापडला होता. देवघराखाली. तिथे तो इतका सरळ, इतका नितळ येत होता की मी एकदा सबवूफर खरंच तिथे नेऊन ठेवला. पहिल्याच विलंबित ख्यालात ताम्हणातली पळी थरथरायला लागली आणि घंटेने एक बारीक, न सरणारा सूर धरला. आईने उदबत्तीच्या पुड्यावरून नजर न उचलता सांगितलं, "उचल ते. देवाला निवांत बसू दे." तर आता तो सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात, दुसऱ्या क्रमांकाच्या जागी आहे. कोपरा खर्ज फुगवतो, म्हणून आवाजाचं बटण बरंच डावीकडे. या जुळणीत ॲम्प्लिफायरला, स्पीकरला, सबवूफरला मत होतं. खोलीला नकाराधिकार होता, आणि आईला खोलीच्याही वर.

रात्रीचं वेगळंच. हळू आवाजात कान खालच्या सुरांना आधी सोडून देतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली त्याचे वक्र काढले, ते थोड्याफार दुरुस्त्यांनिशी आजही वापरात आहेत. म्हणून रात्री गाणं बारीक केलं की ते नुसतं बारीक होत नाही, रोडावतं. जुन्या रेडिओग्रामांवर 'लाउडनेस' असं एक बटण असायचं ते याचसाठी. माझ्याकडे ते नाही, म्हणून रात्री मी सबवूफर किंचित वाढवते. किंचित, कारण खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे आणि हे सूर स्लॅबला जुमानत नाहीत. पायांखाली जाड रबर घातलंय. रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे. विसर्जनाच्या रस्त्यावर ती कागदाच्या घडीतच राहते, आणि तिथल्या भिंतीएवढ्या खोक्यांतून जे बरगड्यांवर आदळतं त्याला खर्ज म्हणायला माझी जीभ वळत नाही. यंत्र मात्र तेच. तोच चिरफाड करून शिवणारा ॲम्प्लिफायर, फक्त हजारो वॉटांचा. थंड राहतो आणि हलका असतो म्हणूनच तर एका ट्रकवर एवढे मावतात.

या सगळ्यात एक वाईट खोड लागली. गाणं लागलं की मी गाण्याकडे न जाता सांध्याकडे जायची. गायिका वर चढत असायची आणि माझा कान डाव्या कोपऱ्यात, सबवूफर 'आहे' का ते बघत. उत्तम जुळल्याची खूण अशी सांगतात की तो चालू असताना कळू नये आणि बंद केल्यावर घरातलं काहीतरी गेल्यासारखं वाटावं. खरं आहे, पण ती खूण पडताळायला सारखा बंद करावा लागतो. वादक मंडळी यात जास्त मोकळी असतात. तबलजी मंचावर सगळ्यांसमोर हातोडी काढतो, गठ्ठ्यांवर ठोकतो, गजऱ्यावर ठोकतो, गायकाकडे बघतो, पुन्हा ठोकतो. सवाई गंधर्वसारख्या हजारोंच्या सभेतही कुणाला त्याचं काही वाटत नाही. अर्ध्या तासाने हवा बदलली की चालू गाण्यात परत एक टिचकी. जुळवणं मैफिलीच्या आधी संपलं पाहिजे हा हट्ट बहुधा यंत्रांबरोबर आला.

आणखी एक बारीक बोच राहिली. आता ६९ हर्ट्झ हवेत खरोखर येतात. पावलांना लाकडी दिवाणाचा थरकाप कळतो, तंबोरा खोलीत बसल्यासारखा वाटतो. छान वाटतं, नाही कशाला म्हणू. पण पूर्वी त्या जागी मी काहीतरी घालत होते, आणि आता ते घालायला लागत नाही. बालगंधर्वांच्या ७८च्या तबकड्यांची मुद्रणं लावली की हे जास्त जाणवतं. त्यांत खालचं फारसं उतरलेलंच नाही. सबवूफर थोडा वेळ वाट बघतो आणि काम नाही असं समजून स्वतःहून झोपी जातो. मग कान पुन्हा आपला जुना वाटा उचलतात, आणि मला ते आवडतं. मुलीला नाही आवडत. तिच्या मते ती रेकॉर्डिंगं "खूप लांबून" येतात. सबवूफरच्या बटणावर तिने पेनाने एक खूण केली आहे, तिच्या गाण्यांसाठी. माझी खूण तिच्या बरीच अलीकडे. कोण शेवटचं ऐकत होतं ते बटण बघून कळतं.

बाबांना वरचे सूर आता फारसे येत नाहीत. ट्वीटर बंद असला तरी त्यांना पत्ता लागणार नाही. वयाबरोबर कान वरून झिजतो; खालचा भाग मात्र शाबूत. त्यामुळे ज्यांनी आयुष्यभर खर्ज मनाने भरला, त्यांना आता तोच तेवढा आयता, पूर्ण मिळतो, आणि बाकीचं गाणं आठवणीतून घालावं लागतं. त्यांना हे मी बोलून दाखवलेलं नाही. त्यांना त्यात रसही नाही. त्यांचा आक्षेप सबवूफरच्या खोक्यावर आहे. "आत नुसतं दाबलेल्या भुशाचं बोर्ड," ते टिचकी मारून सांगतात. "ऐक, पोकळ बोलतंय."

गेल्या आठवड्यात त्यांनी लाइट बिलाच्या पाठीवर एक नकाशा काढला. अठरा मिलिमीटर मरीन प्लाय, आत आडव्या पट्ट्या, सगळे सांधे फेविकॉल आणि स्क्रू दोन्हींनी. मी म्हटलं, पोर्ट, म्हणजे हवेला भोक, ठेवू या, कमी वॉटमध्ये जास्त खाली जाईल. ते म्हणाले, पोर्ट नको, पोर्टवाला खोका एकदा उतरायला लागला की धाडकन उतरतो. बंद खोका हळूहळू सोडतो आणि माझ्या त्या दोघांशी त्याचं पटेल. हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण बंद खोक्याला वॉट जास्त लागतील आणि सबवूफरच्या आतल्या ॲम्प्लिफायरकडे ते आहेत का, हे पुन्हा अडॉप्टरसारखं गुणाकार करून बघावं लागेल. शिवाय नकाशातली रुंदी कोपऱ्यातल्या जागेपेक्षा दोन इंचांनी जास्त भरते. "सोफा सरकव," बाबा म्हणतात. सोफा सरकवला तर तो आठ फुटांवर राहत नाही. आईने एवढंच विचारलंय की सुतार येणार असेल तर कुठल्या दिवशी, म्हणजे तिला त्या दिवशी वाळवण घालायला नको.